खूण आणि कात्री

सून घरात आली त्याच आठवड्यात मी दोन नियम केले. घरात प्रयोगशाळेचं बोलायचं नाही आणि प्रयोगशाळेत घरचं बोलायचं नाही. माझा मुलगा दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात बघून आलेल्या माणसाला जेवताना अळ्यांचं ऐकवू नये, हा एक हेतू. खरा हेतू दुसरा होता. मी त्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पेशी सांभाळते आहे आणि सून तिथेच संशोधन करते. सासूनं सुनेचं काम करून दिलं असं कुणी म्हणायला नको. नियम मी कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवले. मुलानं त्याखाली पेन्सिलीनं तिसरा लिहिला : ‘आईची कात्री जेवणाच्या टेबलावर आणू नये.’

कात्री म्हणजे माझी जीभ. ती चालते हे मला मान्य आहे, पण उगाच चालत नाही.

प्रयोगशाळेत सून मला सगळ्यांसारखं मावशी म्हणायची. फाटकातून आत शिरली की मावशी, बाहेर पडली की आई. एकदा चुकून कामाच्या टेबलाशी ‘आई’ असं तिच्या तोंडून निघालं, तर तिनं खोकल्याचं सोंग केलं. पोरगी हुशार, पण पायाला भिंगरी. एक काम हातात असतानाच तिचं मन पुढच्या कामावर गेलेलं असतं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या मॅडम तिला ‘घाईबाई’ म्हणतात.

आता माझ्या पेशींबद्दल. एका पतंगाच्या शरीरातून कधीकाळी काढलेल्या या पेशी. पतंग कधीच मेला, पेशी मात्र बाटलीत गुण्यागोविंदानं वाढतात. मी आले त्या वर्षी त्या थर्मासमधून आल्या आणि मी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा काही साठा द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेला असतो आणि काही बाटल्यांमध्ये वाढत असतो. आठवड्यातून दोनदा त्यांची दाटी कमी करून ताज्या खाद्यावर ठेवावं लागतं. मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी सकाळी सात वाजता बाटल्या बदलून मग नवी साडी नेसले. आसपासच्या चार प्रयोगशाळा पेशी माझ्याकडून नेतात. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि मला एवढंच हवं होतं, की जशा आल्या तशा स्वच्छ मी त्या पुढच्या हातात द्याव्यात.

या पेशींना आम्ही मुद्दाम आजारी पाडतो. पानं खाणाऱ्या अळ्यांना मारणारा एक विषाणू आहे. माणसाला त्याचं काही होत नाही, अळीचं मात्र तीनचार दिवसांत पाणी होतं. तो पेशीत कसा शिरतो आणि स्वतःच्या डीएनएच्या हजारो नकला कशा काढतो, हे सुनेच्या संशोधनाचं कोडं. बोट दिलं की हात धरणारी जात आहे ती. शिरतो तेव्हा अगदी गरीब. थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतो. पहिले काही तास वरून काही कळत नाही, पण आत त्याची हत्यारं तयार होत असतात. डीएनएचा पीळ उलगडणारं एक, उलगडलेले धागे धरून ठेवणारं एक, नक्कल सुरू करून देणारं एक, नक्कल काढणारं एक. तयारी झाली की डीएनएच्या ठरावीक जागांवरून नकला सुरू होतात आणि मग थांबायचं नाव नाही. केंद्रक फुगतं. पहिल्या दिवसाच्या आतच काही विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशींत घुसतात. राहिलेले पुढे स्फटिकाच्या डब्यांत बंद होतात, आणि मायक्रोस्कोपखाली अख्खं केंद्रक साखरेच्या दाण्यांनी भरल्यासारखं दिसतं. मला ते बघायला आवडतं. पेशींचं वाईट वाटतं, पण आवडतं.

नकला नेमक्या कुठून सुरू होतात हे शोधायला सुनेनं डीएनएचं एक छोटं कडं बनवून मागवलं होतं. त्यात विषाणूच्या डीएनएमधली, नकला जिथून सुरू होत असाव्यात अशी एक जागा होती. हे कडं पेशीत घालायचं. एका डिशमध्ये सोबत विषाणूही घालायचा, दुसऱ्या डिशमध्ये नाही. विषाणूची हत्यारं असतील तरच कड्याच्या नकला निघाल्या पाहिजेत. विषाणू नाही, तर नकला नाहीत.

पण पेशीत घातलेलं जुनं कडं कोणतं आणि तिथे जन्मलेली नवी नक्कल कोणती, हे ओळखायचं कसं? इथे एक गंमत आहे. आलेलं कडं अगदी थोडं असतं, म्हणून ते आधी जिवाणूंमध्ये वाढवून घ्यावं लागतं. हे जिवाणू त्यांच्याकडे वाढलेल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा करून ठेवतात. पतंगाच्या पेशीत जन्मलेल्या नकलेवर त्या खुणा नसतात. आणि आमच्याकडे एक कात्री असते, म्हणजे एक रसायन, जे फक्त खूण असलेला डीएनए कापतं. तीन दिवसांनी पेशींतला डीएनए काढायचा आणि कात्री फिरवायची. जिवाणूंकडून आलेलं सगळं कापलं जातं. न कापता उरलं, ते इथे जन्मलेलं.

हे सुनेनं मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हणाले, “म्हणजे माहेरची खूण.”

ती हसली. “मग मावशी, मलाही लागेल की कात्री. माझ्यावर माहेरच्या खुणाच खुणा आहेत.”

“प्रयोगशाळेत घरचं बोलायचं नाही,” मी म्हणाले.

कडं जिवाणूंमध्ये घालायचं काम तिनं एका शुक्रवारी केलं. अंगात ताप होता, डोळे लाल होते, तरी ऐकेल तर शपथ. फ्रीझरमधल्या तयार जिवाणूंच्या ट्यूबमध्ये कडं मिसळलं, ते जिवाणूंच्या खाद्याच्या प्लेटवर पसरलं, प्लेट उबेसाठी इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि घरी जाऊन झोपली. ज्या जिवाणूंनी कडं घेतलं तेवढेच त्या प्लेटवर जगतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे ठिपके दिसतात.

शनिवारी मी पेशी बदलायला गेले आणि सहज इन्क्युबेटर उघडला. प्लेट कोरी होती. एक ठिपका म्हणून नाही.

मला पोरीची दया आली. तापातून उठून सोमवारी येणार आणि कोरी प्लेट बघणार. नियम माझाच होता, ठाऊक आहे. पण प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं, आणि काम एक तासाचं. मी फ्रीझर उघडला. तो उघडला की चष्म्यावर धुकं धरतं, म्हणून मी चष्मा कपाळावर चढवते. मला चष्मा लागतच नाही तिथे. प्रत्येक वस्तूची जागा मी ठरवलेली आहे आणि माझा हात ती डोळे मिटून शोधतो, हे मी सगळ्यांना सांगत असते. आदल्याच आठवड्यात सगळा फ्रीझर रिकामा करून, बर्फ खरवडून मी पुन्हा लावला होता. डावीकडचा मागचा खोका, पहिली ट्यूब. ट्यूब पांढऱ्या बर्फानं माखलेली होती. मी कडं मिसळलं, नवी प्लेट पसरली आणि झाकणावर सुनेच्या अक्षरात तारीख लिहिली. तिचा ‘सात’ शेपटीवाला असतो, तोही हुबेहूब काढला. जुनी प्लेट कचऱ्यात गेली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

सोमवारी सून आली, इन्क्युबेटर उघडला आणि आनंदानं ओरडली. “मावशी, बघा! तापातसुद्धा माझा हात चुकत नाही!”

“वा,” मी म्हणाले. संध्याकाळी तिनं तेच नवऱ्याला सांगितलं आणि फोनवर तिच्या आईला. माझा नियम मोडून जेवताना सांगितलं, पण मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या होत होत्या.

तीन आठवड्यांनी प्रयोगाचा निकाल आला आणि माझी गुदगुली जागच्या जागी थांबली.

न कापता उरलेला डीएनए जेलच्या पातळ वडीवर, दिव्याखाली, चमकणाऱ्या पट्टीसारखा दिसतो. विषाणू घातलेल्या डिशची पट्टी ठळक होती, म्हणजे उत्तम. पण विषाणू न घातलेल्या डिशची जागा काळी, रिकामी हवी होती. तिथेही पट्टी होती. जरा फिकी, पण स्वच्छ दिसणारी.

सुनेनं दोनदा पुन्हा करून पाहिलं. दोन्ही वेळा पट्टी हजर.

“विषाणूशिवाय नकला निघताहेत,” ती मॅडमना म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “कदाचित पेशींची स्वतःचीच काही यंत्रणा असेल. नवा शोध असेल!”

मॅडम बारीक चणीच्या, मऊ आवाजाच्या. त्या कधी ओरडत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटते. त्यांनी जेलचा फोटो उजेडात धरला. “या इमारतीत इतक्या वर्षांत शोध फार थोडे लागलेत,” त्या म्हणाल्या. “घाण मात्र पुष्कळदा लागलीये. कात्री बोथट नव्हती ना?”

“नाही मॅडम. जुन्या साठ्यातल्या दुसऱ्या एका कड्यावर चालवून बघितली. एका झटक्यात कापते.”

“जिवाणू?”

सुनेनं वही पुढे केली. “पांढऱ्या टोपणाची ट्यूब. नेहमीचीच.”

“मग पेशी उरल्या,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता फोटो खाली ठेवला. “पेशींत आधीपासूनच कुठला तरी विषाणू लपून बसला असेल, तर त्याची हत्यारं आत तयारच असणार. त्यानंच कड्याच्या नकला काढल्या.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “माझ्या पेशी दिवसाला दुप्पट होतात, मॅडम. आजारी पेशी वाढत नाहीत. मी रोज बघते. एक केंद्रक फुगलेलं दाखवा, मी आज घरी बसते.”

“तुम्हाला दिसत नाही एवढं खरं, मावशी. आत नाही असं त्यावरून ठरत नाही.”

ओळखीच्या विषाणूची तपासणी त्याच दिवशी झाली. काही सापडलं नाही. मॅडम म्हणाल्या, ओळखीचा चोर नाही एवढंच कळलं. चार प्रयोगशाळा आमच्या पेशी वापरत होत्या, त्या सगळ्यांचं काम संशयात सापडलं. मॅडमनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही तर सगळ्या बाटल्या आणि टाकीतला गोठवलेला साठा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या त्या मोठ्या कुकरमध्ये घालायचा आणि बाहेरून नव्या पेशी मागवायच्या. सव्वीस वर्षं एका शिट्टीत खलास.

तो आठवडा माझी कात्री कुणाला थांबवता आली नाही. मी सुनेच्या पिपेटा तपासल्या आणि तिच्यासमोर नाक मुरडलं. तिच्या टेबलावरचा पसारा बघून म्हणाले, “इथे विषाणूच काय, हत्ती लपला तरी सापडायचा नाही.” ती टेबल आवरायला लागली. मला मात्र खात्री होती की घाण हिच्याच घाईतून आली. शिंतोडा उडाला असेल, हातमोजा बदलायचा राहिला असेल. घरी आम्ही दोघी नियम पाळत होतो, म्हणजे एक अक्षर बोलत नव्हतो. मुलगा बिचारा मीठ एकीकडून दुसरीकडे देत होता.

गुरुवारी सकाळी मी नाश करायच्या वस्तूंची यादी करायला बसले. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. यादीसाठी लेबलं हवी होती. थंडीत न सुटणारी लेबलं आम्ही फ्रीझरवरच्या कप्प्यात ठेवतो. तिथपर्यंत गेलेच होते, तर फ्रीझरही मोजून टाकावा म्हणून उघडला. चष्मा कपाळावर. हात डावीकडे मागच्या खोक्यात गेला आणि ट्यूब बाहेर आली. मी लेबल लावायला तिच्यावरचा बर्फ अंगठ्यानं पुसला.

टोपण पिवळं होतं.

पिवळ्या टोपणाचे जिवाणू वेगळे. कुणीतरी पाच वर्षांपूर्वी वेगळ्या कामासाठी आणलेले. ते डीएनएवर खूण करतच नाहीत. खोका उजवीकडे असायचा. असायचा, बर्फ खरवडून मी पुन्हा लावेपर्यंत.

फ्रीझर उघडा राहिला म्हणून बोंबलायला लागला, तरी मी तशीच उभी. सुनेनं शुक्रवारी टोपण बघून बरोबर ट्यूब घेतली होती. तिची प्लेट कशामुळे तरी कोरी राहिली. आणि मी, डोळे मिटून वस्तू शोधणारी, पिवळी ट्यूब घेऊन मोकळी झाले. कड्यावर खूण पडलीच नाही. मग कात्री कापणार काय? पेशींत घातलेलं कडंच तसंच्या तसं पट्टी होऊन उभं राहत होतं. विषाणू नाही, नक्कल नाही, शोध तर नाहीच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खात्री करायला मी सुनेच्या खोक्यातलं, जिवाणूंकडून वाढवून घेतलेलं कडं थोडं घेतलं. पेशींना न दाखवता थेट कात्री चालवली आणि जेलवर लावलं. दुपारी दिव्याखाली धरलं. कडं जसंच्या तसं. कात्रीचा ओरखडासुद्धा नाही. माझ्या पेशी स्वच्छ होत्या.

मी आनंदानं खुर्चीत बसले, आणि मग दुसरा विचार आला.

मॅडमना एवढंच म्हणायचं, ‘पेशींत घालायच्या आधीचं कडंच एकदा कापून बघा.’ बाकी त्या समजून घेतील. वहीत सुनेच्या अक्षरात लिहिलंय की ट्यूब तिनं घेतली. झाकणावर तिचा शेपटीवाला सात. पोरगी तापात होती, टोपणाचा रंग कळला नाही, होतं असं. तिला कुणी फाशी देणार नव्हतं. पेशी वाचतात, माझं नाव राहतं, आठ महिन्यांनी मानानं घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मनाशी म्हणत होते की अजून काही ठरवलेलं नाही, पण घरी जाताना वाटेत मी मॅडमशी कसं बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते. म्हणजे ठरलं होतंच.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. सून आली आणि फ्रिजला पाठ लावून उभी राहिली, नियमाचा कागद झाकला जाईल अशी.

“आई, मला प्रयोगशाळेचं बोलायचंय.”

“बोल.”

“मी उद्या मॅडमना सांगणार आहे की ट्यूब माझ्याकडूनच चुकली. तापात मी पिवळी घेतली असं म्हणेन. तसं झालं असेल तर सगळं जुळतं, मी विचार करून बघितला.”

माझी सुरी थांबली. “तू घेतलीस पिवळी?”

“नाही. मला स्वच्छ आठवतंय, पांढरी होती. बर्फ पुसून बघितलं होतं. पण तुमच्या पेशी जातील ना. तुम्ही ती यादी करत होतात, मी दारातून बघितलं. मला नाही बघवलं. मला आणखी दोन वर्षं आहेत, आई. माझ्या नावावर एक चूक खपून जाईल.”

कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं. मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कोरी प्लेट, कपाळावरचा चष्मा, शेपटीवाला सात, दुपारचं जेल. दुपारनंतर मनात आलेला विचारही सांगितला. तो सांगणं सगळ्यात जड गेलं. आपल्याला असा विचार येऊ शकतो याची मला लाज वाटत होती, आणि ती तिच्यासमोरच वाटत होती.

मला वाटलं होतं चुकीच्या ट्यूबवरून चिडेल, नाही तर मी तिच्यावर ढकलणार होते म्हणून.

“म्हणजे माझी प्लेट कोरी होती?” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मी महिनाभर सांगत फिरतेय, तापातसुद्धा माझा हात चुकत नाही! माझ्या आईला सांगितलं! तिनं तिच्या बहिणीला सांगितलं!” ती लालबुंद झाली होती. “चुकीची ट्यूब कुणाच्याही हाती येईल, आई. पण ती कोरी प्लेट माझी होती. ती तुम्ही फेकलीत. का कोरी राहिली ते मला कधी कळलंच नाही.”

बाहेरच्या खोलीतून हसू दाबल्याचा आवाज आला. “तू गप्प बस,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी म्हणाले, “चुकलं माझं.” हे दोन शब्द मुलानं लग्नानंतर पहिल्यांदाच या घरात ऐकले असावेत, कारण तो दारात येऊन बघायला लागला.

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या खोलीत मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, “मॅडम, माझी चूक आहे.”

“खोटं बोलतेय ती,” मी म्हणाले. “माझी आहे.”

“प्लेट माझ्या नावाची होती.”

“तू गप्प बस गं. मॅडम, ही ट्यूब मी घेतली. हे जेल बघा.”

मॅडमनी जेल बघितलं, आम्हा दोघींना बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मावशी, सव्वीस वर्षांत ही पहिली चूक?”

“पहिली सापडलेली,” मी म्हणाले.

त्या हसल्या. आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत हसल्या. मग त्यांनी मी केलेली यादी मागून घेतली, तिचे चार तुकडे केले आणि माझ्याच हातात दिले. पिवळ्या टोपणाचा खोका दुसऱ्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये गेला. माझ्यासाठी आमच्या फ्रीझरच्या दारावर एक चिठ्ठी लागली, मॅडमच्या हातची : ‘आधी चष्मा पुसा.’ अजून आहे ती.

मी सरळ पेशींकडे गेले. एक बाटली मायक्रोस्कोपखाली घेतली. गोल गोल, चमकणाऱ्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. “बसा निवांत,” मी त्यांना म्हणाले. कुणी ऐकलं असेल तर ऐकलं.

सुनेनं त्याच दुपारी पांढऱ्या ट्यूबमधून नव्यानं सुरुवात केली. शनिवारी मी पेशी बदलायला गेले, आणि सहज इन्क्युबेटर उघडला. सहज नाही, खरं म्हणजे धावतच गेले.

प्लेट कोरी.

हात शिवशिवला. फ्रीझर चार पावलांवर, आणि आता तर चष्माही पुसलेला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, इन्क्युबेटरचं दार कोपरानं लोटलं आणि घरी आले. रविवारभर मी मूग गिळून बसले. मुलानं विचारलं, तुला बरं नाही का.

सोमवारी सून प्लेट घेऊन माझ्यासमोर आली.

“तुम्ही शनिवारी बघितली होतीत?”

“बघितली.”

“आणि हात नाही लावलात?”

“नाही.”

तिनं प्लेट माझ्या टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढलं. “मग आता मी करते आणि तुम्ही बघा. काय चुकतंय ते सांगा. आणि मावशी नका राहू पाच मिनिटं, घरच्यासारखं सांगा.”

मी बघत बसले. बर्फ, गरम पाण्यात पंचेचाळीस सेकंद, पुन्हा बर्फ, सगळं चोख. मग तिनं पसरायचा काचेचा दांडा ज्योतीतून काढला आणि तसाच प्लेटवर टेकवणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं.

“दहापर्यंत मोज.”

“का?”

“तापलाय तो. तू जिवाणू पसरत नाहीस, भाजतेस.”

तिनं दांड्याकडे बघितलं, मग कोऱ्या प्लेटकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. मग दहापर्यंत मोजलं. मोठ्यानं, चौथीतल्या मुलीसारखं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपकेच ठिपके होते. तिनं वहीत लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं : ‘प्लेट माझी. दांडा गार करायला शिकवलं आईंनी.’ मॅडम त्या वहीवर सही करतात. त्यांनी याही पानावर केली.

तीन आठवड्यांनी तिनं मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. दिव्याखाली जेल होतं. विषाणू घातलेल्या डिशची पट्टी ठळक. शेजारी, विषाणू न घातलेल्या डिशच्या जागी, काहीच नाही. काळं कुळकुळीत. इतक्या वर्षांत इतकी सुंदर रिकामी जागा मी बघितली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तीच बोलत होती. नवऱ्याला सांगत होती, की कात्रीनं माहेरचं सगळं कापून टाकलं आणि इथे जन्मलेलं तेवढं उरलं. त्याला निम्मं कळत होतं, पण तो मान हलवत होता. फ्रिजवरच्या कागदातले पहिले दोन नियम आम्ही कधीच खोडून टाकले होते. तिसरा, पेन्सिलीचा, तेवढा होता.

“मग आता माझं काय, आई?” ती मधेच माझ्याकडे वळली. “माझ्या खुणा काही गेलेल्या नाहीत.”

“जाऊ नयेतच,” मी म्हणाले. “आहेत तशा राहू देत. कात्री मीच उचलून ठेवली.”

मुलानं घास तसाच धरून विचारलं, “किती दिवस?”

सून म्हणाली, “दहापर्यंत मोज,” आणि आम्ही तिघंही हसलो.